दिल्या शब्दाची किंमत

खान्देशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. अक्षय्य तृतीयेला इकडे आखाजी म्हणतात. वैशाखाचे ऊन रणरणत असते, केळीच्या बागा सोडल्या तर रानात हिरवे पान दिसत नाही. पण गावोगावच्या निंबांना झोके टांगलेले असतात आणि माहेरी आलेल्या लेकी त्या झोक्यांवर बसून गाणी म्हणत असतात. घरात पितरांची घागर भरली जाते, खापरावरून पुरणाचे मांडे उतरत असतात. आणि त्याच दिवशी, त्याच घराच्या ओसरीवर, एक निव्वळ व्यवहाराचे बोलणेही चालू असते. शेतमालक आणि सालदार यांचे नवे साल आखाजीपासून धरायचे, असा इकडचा जुना रिवाज आहे. वर्षाचे पैसे किती, धान्य किती, उचल किती, सुट्या किती, हे सारे तोंडी ठरते आणि चहा होतो.

अशी एक ओसरी डोळ्यांपुढे आणा. सालदार “येतो मालक” म्हणून निघाला आहे. मालक आत येतो. आत त्याची थोरली बहीण बसलेली आहे. मागल्याच महिन्यात तिने दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन वडिलांच्या जमिनीतल्या आपल्या हिश्श्याचे हक्कसोडपत्र करून दिले. भावाने म्हटले म्हणून दिले. एक पैसा मागितला नाही. आज तिला पाहून भावाचा गळा भरून येतो. तो म्हणतो, “ताई, तू माझ्यासाठी एवढं केलंस. तुझ्या मुलाच्या कॉलेजचा सगळा खर्च आता माझ्याकडे लागला.”

एका घरात, एका सकाळी, एकाच माणसाने दोन शब्द दिले. सालदाराला दिला तो रोखठोक बोलून. बहिणीला दिला तो डोळ्यांत पाणी आणून. उद्या हा माणूस फिरला, तर जळगावच्या किंवा धुळ्याच्या न्यायालयात कोणता शब्द टिकेल?

आपल्याला वाटते की शब्द हा शब्दच. त्यात डावे-उजवे काय? कायदा मात्र प्रत्येक शब्दाला एक प्रश्न विचारतो: “बदल्यात काय?”

कैकेयीचा दावा

आपल्या देशातला कराराचा कायदा हा १८७२ सालचा नववा कायदा. त्या वर्षी १ सप्टेंबरला तो अंमलात आला आणि काही फेरफार होऊन आजही तोच चालू आहे. पंचविसाव्या कलमात तो सांगतो की मोबदल्याशिवाय केलेला करार, काही अपवाद सोडल्यास, रद्दबातल होय. मोबदला म्हणजे केवळ पैसा नव्हे. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून दुसऱ्याने काही केले, काही करायचे टाळले, किंवा तसे करण्याचे कबूल केले, की झाला मोबदला. सरकारी मराठीत याला ‘प्रतिफल’ असा भारदस्त शब्द आहे. आपण घरातलाच शब्द वापरू.

ज्या देशात हरिश्चंद्राने स्वप्नात दिलेल्या शब्दासाठी राज्य सोडले, तिथे हा नियम कोता वाटतो खरा. पण जरा दशरथाची गोष्ट घ्या. कैकेयीने रणांगणावर राजाचे प्राण वाचवले आणि मग राजाने तिला दोन वर दिले. म्हणजे काम आधी, वचन नंतर. इंग्लंडच्या न्यायाधीशांपुढे हा दावा गेला असता तर त्यांनी मान हलवली असती. झालेल्या गोष्टीचा मोबदला होत नाही, असे त्यांचे जुने मत. आपला कायदा इथे इंग्रजांपेक्षा उदार आहे. आपण होऊन कोणी आपले काम केले असेल, तर त्याची भरपाई करण्याचे वचन मागाहून दिले तरी ते बांधते, असा पंचविसाव्या कलमातच अपवाद आहे. तेव्हा या मुद्द्यावर कैकेयी जिंकली असती. हरली असती ती दुसऱ्या मुद्द्यावर. “काय हवे ते माग” हा करार इतका मोघम आहे की एकोणतिसावे कलम तो तात्काळ निकालात काढते. अयोध्येत एखादा बरा वकील असता तर रामाचा वनवास टळला असता!

थट्टा सोडून देऊ. मुद्दा असा की शब्द देणाऱ्याचे मन किती मोठे होते, हे कायदा पाहत नाही. कोणाच्या सांगण्यावरून कोणी काय सोडले, एवढेच तो पाहतो.

घोडा दहा रुपयांचा

सालदाराची गोष्ट सरळ आहे. त्याने वर्षभर राबण्याचे कबूल केले, मालकाने ठरलेले पैसे देण्याचे. शब्दाला शब्द हाच मोबदला. कागद नाही, साक्षीदार नाही, तरी करार पुरा. मात्र याला एक मर्यादा आहे. उचल फिटेपर्यंत माणसाने दुसरीकडे जायचे नाही, त्याच्या पोरानेही इथेच राबायचे, अशी बोली असेल, तर ती वेठबिगारी झाली. १९७६ च्या कायद्याने ती मोडीत काढली आहे. मोबदला नुसता असून भागत नाही, तो कायदेशीरही असावा लागतो.

तो पुरेसा आहे की नाही, हे मात्र न्यायालय सहसा पाहत नाही. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांची मोठी यात्रा भरते. हे गाव आज नंदुरबार जिल्ह्यात मोडते. १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होते. कराराच्या कायद्याने उदाहरण दिले आहे तेही नेमके घोड्याचे. हजार रुपयांचा घोडा एकाने दहा रुपयांना विकायचे कबूल केले. त्याने ते राजीखुशीने केले असेल, तर करार पक्का. भाव कमी की जास्त हे बाजाराने पाहावे. फक्त भाव इतका हास्यास्पद असेल, तर विकणाऱ्याची संमती खरोखर मोकळी होती का, त्याला कोणी दाबले किंवा फसवले तर नाही ना, अशी शंका न्यायाधीशाला घेता येते.

‘रोख भरून पावलो’

याच शंकेने महाराष्ट्राच्या इतिहासात एकदा मोठे वळण घेतले. एकोणिसाव्या शतकातल्या सावकारी कर्जरोख्यांवर ‘रक्कम रोख भरून पावलो’ हे वाक्य ठसठशीत लिहिलेले असे आणि खाली कुणब्याचा अंगठा किंवा नांगराची निशाणी असे. त्यातली खरी रोख किती, मागल्या व्याजाचे मुद्दल किती आणि निव्वळ शाई किती, हे सावकाराची वहीच जाणे. न्यायालयापुढे रोखा आला की हुकूमनामा होई. मोबदला कागदावर होता ना!

त्याचा भडका १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला उडाला. जमावाने सावकारांच्या घरांतून रोखे आणि वह्या ओढून काढल्या आणि जाळल्या. त्यानंतर चौकशी बसली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. त्याने न्यायाधीशाला सांगितले की रोख्यापुढे थबकू नका. व्यवहाराच्या मुळाशी जा, पहिल्या दिवसापासूनचा हिशेब काढा आणि कुणब्याच्या हातात खरोखर काय पडले ते पाहा.

तो कायदा आता इतिहासजमा झाला. पण त्यातले शहाणपण आजही उपयोगी पडते. ‘मोबदला मिळाला’ असे कागद म्हणतो एवढ्याने तो मिळाला असे होत नाही. मिळालाच नाही, असे पुराव्याने दाखवता येते. परंतु ते दाखवण्याचे ओझे सही करणाऱ्याच्या डोक्यावर पडते. म्हणून पैसे हातात पडल्याखेरीज ‘भरून पावलो’ या दोन शब्दांखाली सही करू नये, हे घरातल्या प्रत्येक मुलामुलीला पाढ्यांबरोबर शिकवले पाहिजे.

वर्गणीचा आकडा आणि दिवाळीची वही

शहरात राहणाऱ्या वाचकांना सालदार आणि रोखे लांबचे वाटतील. पण वर्गणी मागायला येणारे कार्यकर्ते कोणाला चुकले आहेत? भरसभेत टाळ्यांच्या गजरात आपण आकडा बोलून जातो आणि घरी आल्यावर गृहिणी विचारते, “कुठून देणार?” तो आकडा बांधतो का?

याची दोन उत्तरे आहेत. १८८६ साली हावड्याच्या नगरभवनाचा खटला कलकत्ता उच्च न्यायालयात गेला. एका गृहस्थाने १०० रुपयांचा आकडा घातला होता. त्या आकड्यांच्या भरवशावर समितीने कंत्राटदाराला काम दिले होते आणि हे गृहस्थांना ठाऊक होते. न्यायालय म्हणाले, पैसे द्या. तुमच्या शब्दावर दुसऱ्याने अंगावर बोजा घेतला, हाच मोबदला. १९१४ साली मशिदीच्या दुरुस्तीसाठी ५०० रुपये कबूल केलेल्या एका माणसाचा खटला अलाहाबादला निघाला. तिथे काम सुरूच झाले नव्हते, कोणी कोणता बोजाही घेतला नव्हता. तो शब्द मोकळा सुटला. तेव्हा गणपतीच्या मांडवासाठी आकडा घालताना एवढे ध्यानात असू द्यावे की मांडववाल्याला विसार गेला असेल, तर आपला शब्द हवेत राहिलेला नाही.

दुसरी गोष्ट दिवाळीचीच. लक्ष्मीपूजनाला जळगावच्या सराफ बाजारात आणि दाणाबाजारात वह्यांची पूजा होते, हळदकुंकू वाहून नव्या वहीत मागली बाकी ओढली जाते. साध्या उसनवारीची मुदत तीन वर्षांची. मुदतीच्या आत ऋणकोने बाकी कबूल करून सही दिली, तर तीन वर्षे नव्याने मोजायची. मुदत टळून गेल्यावर मात्र नुसती कबुली पुरत नाही. ‘मी देईन’ असे स्पष्ट वचन लेखी आणि सहीनिशी हवे. तसे दिले, तर त्याला नव्या मोबदल्याची गरज नाही. मेलेले कर्ज त्या एका ओळीने पुन्हा उभे राहते. कुणाच्या आग्रहाला भिडून जुन्या वहीत ओळ लिहिणाऱ्यांनी हे आठवावे.

प्रेम हाही मोबदला, पण…

आता पुन्हा त्या ओसरीवर येऊ.

माया, ममता, नाते यांना कायद्याच्या पुस्तकात अजिबात जागा नाही असे नाही. जवळच्या नात्यातल्या माणसांनी नैसर्गिक प्रेमापोटी केलेला करार मोबदल्यावाचूनही टिकतो. पण तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नुसते भरून आलेले मन निबंधकाच्या वहीत नोंदवता येत नाही!

आणि प्रेम म्हणजे तरी काय? या प्रश्नावर अवघ्या एका वर्षाच्या अंतराने दोन निकाल झाले. १८९९ साली मुंबई उच्च न्यायालयात भिवा विरुद्ध शिवराम असा खटला आला. दोघे भाऊ. एकाने जमिनीत हिस्सा मागितला होता. जमीन वडिलोपार्जित नाही असे दुसऱ्याने शपथेवर सांगितले आणि पहिल्याचा दावा गेला. पुढे जिंकलेल्या भावाने आपण होऊन नोंदणीकृत कागद करून दिला की अर्धी जमीन तुला देतो. मग त्या कागदावरूनच वाद! कज्जे खेळलेल्या भावांत कसले आले नैसर्गिक प्रेम, असे म्हणता आले असते. पण न्यायालयाने म्हटले की भावाशी दिलजमाई व्हावी म्हणून जो जिंकलेली जमीन द्यायला तयार होतो, त्याच्याच मनात प्रेम आहे. कागद टिकला.

१९०० साली कलकत्त्याला एका पत्नीचा दावा आला. नवऱ्याने तिला वेगळे राहण्यासाठी खर्च देण्याचा नोंदणीकृत कागद करून दिला होता. पण त्याच कागदात दोघांच्या भांडणांचा पाढा वाचलेला होता. न्यायाधीश म्हणाले, या कागदात प्रेम कुठेच दिसत नाही. तिचा दावा फेटाळला गेला. नाते जवळचे, कागद नोंदलेला. पण आत जे लिहिले होते त्यानेच घात केला.

आपल्या ओसरीवरचा भाऊ यांपैकी कशातच बसत नाही. त्याचे प्रेम खरे आहे, पण शब्द तोंडी आहे. मग बहीण रिकाम्या हाताने परत जायची का?

इथे तो “बदल्यात काय?” हा रुक्ष प्रश्नच तिच्या मदतीला धावून येतो. ती प्रेमावर कशाला विसंबते? तिने मोबदला दिलेला आहे! भावाच्या सांगण्यावरून तिने आपला हिस्सा सोडला. आधी सोडला, वचन मागाहून आले, हे खरे. पण आपल्या कायद्याच्या व्याख्येत ‘केले असेल’ हे शब्द मुद्दाम घातलेले आहेत. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून पूर्वी केलेली गोष्टही मोबदला ठरते. १८९५ साली मुंबई उच्च न्यायालयाने असाच निर्णय दिला आहे. एकाने दुसऱ्याची तो अज्ञान असताना त्याच्या इच्छेवरून सेवा केली, तो सज्ञान झाल्यावरही ती चालू ठेवली, आणि मागाहून मिळालेले वर्षासनाचे वचन त्या सेवेच्या जोरावर टिकले.

आणि बहिणीने सोडला तो हिस्सा काही नावापुरता नव्हे. एके काळी लेकीची सही ही ‘तलाठ्याला लागते म्हणून’ घ्यायची गोष्ट होती. १९९४ साली महाराष्ट्राने कायदा करून, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क दिला. २००५ साली सगळ्या देशासाठी तशी दुरुस्ती झाली आणि तिथे लग्न झालेल्या-न झालेल्यांचा भेद राहिला नाही. बाप २००५ पूर्वी वारला असला तर काय, या वादावरही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी पडदा पाडला: हक्क जन्माने येतो, त्यासाठी त्या दिवशी बाप हयात असण्याची अट नाही. म्हणजे आज लेक जेव्हा हक्कसोडपत्रावर सही करते, तेव्हा ती खरोखरीच काही तरी देते. केळीच्या बागेचा एखादा एकर, विहिरीचे पाणी, रस्त्यालगतचा प्लॉट. आपण मात्र अजून म्हणतो, “तिने सही केली”; “तिने दिले” असे म्हणत नाही.

तरीही तिचा दावा सोपा नाही. भाऊ म्हणेल, मी असे बोललोच नाही. किंवा त्याचा वकील म्हणेल, हे घरातले मायेचे बोलणे. कायद्याने बांधून घ्यायचे कोणाच्या मनात होते? १९१९ साली विलायतेत असेच झाले. नवऱ्याने बायकोला दरमहा ३० पौंड पाठवीन म्हटले होते. न्यायालयाने सांगितले की नवरा-बायकोच्या घरातल्या अशा बोलण्याचे करार होत नसतात. आपली न्यायालयेही घरगुती बोलणे म्हणजे करार असे सहजासहजी धरत नाहीत.

यावर उपाय साधा आहे, पण तो सहीच्या आधी करायचा असतो. बहिणीला काही द्यायचे ठरले असेल, तर ते त्याच हक्कसोडपत्रात लिहावे. रक्कम, मुदत, मुलाच्या शिक्षणाचा खर्च, जे असेल ते. कागद ‘विनामोबदला’ लिहिला तर मुद्रांक कमी लागतो, म्हणून तसा लिहायचा आणि आतून वेगळे बोलायचे, ही आपली हौस पुढे फार महाग पडते. आणि वडील हयात असतील तर त्यांनीही बक्षीसपत्र करताना मुलावर बहिणीचे देणे घालावे आणि त्याच वेळी मुलाने बहिणीच्या नावे तसे लिहून द्यावे. १८८२ साली मद्रासला असाच खटला झाला. आईने मुलीला जमीन दिली, मुलीने त्याच दिवशी आईच्या भावंडाला दरसाल काही रक्कम देण्याचे लिहून दिले आणि पुढे ती फिरली. तिचे म्हणणे, यांनी मला काय दिले? न्यायालयाने म्हटले, आईने दिले ना, तेवढे पुरे. मोबदला तिसऱ्याकडून आला तरी आपल्या कायद्याला तो चालतो.

काही जण म्हणतील, बहीण-भावांत कसला आलाय कागद? कागद आला की माया गेली. अनुभव उलट आहे. माया आटते ती कागदाने नव्हे. आटते ती दहा वर्षांनी, जेव्हा एकाला आठवते आणि दुसऱ्याला आठवत नाही. खरी माया असलेल्या भावाला दोन ओळी लिहून द्यायला जड जाऊ नये.

आता चार दिवसांवर भाऊबीज आली. तबकात निरांजन असेल, सुपारी असेल, आणि भाऊ ओवाळणी घालील. कायद्याने त्या ओवाळणीला हात लावलेला नाही. प्रत्यक्ष दिलेल्या देणगीला मोबदला विचारायचा नाही, असे त्याने स्वच्छ सांगून ठेवले आहे. तबकात पडली ती बहिणीची. पण ओवाळून झाल्यावर भाऊ जेव्हा म्हणेल, “ताई, पुढल्या वर्षी तुझं सगळं करतो,” तेव्हा ताईने हसून, लाडात येऊन, एवढे जरूर म्हणावे: “दादा, लिहून दे हं!”